दोष पार्किंगमध्ये दिसतो, गॅरेजमध्ये लपतो

कोपर हे मध्य रेल्वेवरचे दिवा आणि डोंबिवली यांच्या मधले स्थानक. खालून कल्याणकडे जाणारा मार्ग, वरून वसई-दिवा मार्ग. या परिसरातला नोकरदार माणूस लोकलने कामावर जातो आणि त्याची मोटार आठवड्यातले पाच-सहा दिवस इमारतीखाली किंवा रस्त्याच्या कडेला उभी राहते. रविवारी सकाळी घरातली माणसे तयार होऊन खाली उतरतात, किल्ली फिरते आणि गाडी नुसती टकटक करते. किंवा सुरू होते पण थरथरते, झटके देते, उचल घेत नाही. मग ओळखीच्या मेकॅनिकला फोन जातो. तो येतो, एक-दोनदा सेल्फ मारून बघतो, बॅटरी गेली म्हणतो, नाहीतर प्लग आणि कॉइल बदलून बघू म्हणतो. कधी दोष जातो. कधी खर्च होऊनही पंधरा दिवसांत तीच तक्रार परत येते आणि तपासायला म्हणून गॅरेजात नेलेली गाडी तिथे मात्र सुरळीत चालते.

ती तिथे सुरळीत का चालते, याला कारण आहे. गॅरेजपर्यंत जाताना इंजिन तापते, बॅटरी थोडी भरते, प्लगवर साचलेले पेट्रोल जळून जाते, कॉइलच्या रबराखालचा ओलावा सुकतो. ज्या स्थितीत दोष दिसला ती स्थितीच वाटेत नाहीशी होते. मेकॅनिक कितीही जाणकार असला, तरी त्याच्यासमोर येते ती बरी झालेली गाडी. मग त्याला अंदाज बांधावा लागतो आणि त्या अंदाजाचे पैसे मालक भरतो. म्हणून माझे म्हणणे असे आहे की गाडी सुरू न होणे आणि इंजिन मिसिंग मारणे या दोन्ही तक्रारींत सर्वांत मोलाचा पुरावा घरीच मिळतो, इंजिन थंड असताना आणि पहिल्या दोन-चार मिनिटांत. तो टिपणे हे मालकाचे काम आहे. ते दुसरे कोणी करू शकत नाही आणि त्यासाठी पाना हातात धरता आला पाहिजे असेही नाही.

हा पुरावा वाचण्यापुरती इंजिनाची माहिती प्रत्येकाला असावी. पेट्रोल इंजिनाला चालण्यासाठी हवा आणि इंधनाचे योग्य मिश्रण लागते, ते सिलिंडरमध्ये नीट दाबले जावे लागते आणि नेमक्या क्षणी ठिणगी पडावी लागते. हे चक्र सुरू होण्यासाठी कोणीतरी इंजिन फिरवून द्यावे लागते. ते काम बॅटरीच्या जोरावर सेल्फ करतो. म्हणून गाडी सुरू होत नाही, या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. एकीत इंजिन फिरतच नाही. दुसरीत इंजिन फिरते, पण पेट घेत नाही. पहिलीचा शोध बॅटरी, तारा आणि सेल्फ यांच्यात घ्यायचा असतो, दुसरीचा इंधन, ठिणगी आणि सेन्सर यांच्यात. फोनवर मेकॅनिकला एवढा फरक जरी नीट सांगितला, तरी तो येताना योग्य सामान घेऊन येतो.

इंजिन फिरत नसेल तर आवाज ऐका. किल्ली फिरवल्यावर भराभर टकटक होत असेल आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावत असतील, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांना विजेचा नीट स्पर्श होत नाही. एकच ठोका पडून शांतता होत असेल आणि दिवे तेजस्वी राहत असतील, तर संशय सेल्फवर किंवा त्याच्या जाड तारेवर घ्यावा. काहीच आवाज नसेल तर आधी क्लच पूर्ण दाबला आहे का ते पाहावे, कारण आजच्या अनेक गाड्या क्लच दाबल्याशिवाय सेल्फला वीजच देत नाहीत. ऑटोमॅटिक गाडी पी किंवा एन या जागी आहे ना, हेही पाहावे. ही खात्री न करता टोइंगची गाडी बोलावली जाते, म्हणून इतकी साधी गोष्ट इथे लिहावी लागते.

बॅटरीबद्दल अंदाजाने बोलण्याची गरज उरलेली नाही. काही शे रुपयांचा मल्टिमीटर घरात असला की पुरते. १२ व्होल्टची म्हणून विकली जाणारी बॅटरी म्हणजे प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टची सहा घरे; पूर्ण भरलेली आणि काही तास शांत राहिलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे ती जवळपास अर्धी रिकामी, १२.० म्हणजे फारच थोडे शिल्लक. दुसऱ्या कोणाला किल्ली फिरवायला सांगून सेल्फ फिरत असतानाचा आकडा पाहावा. तो साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी थकली आहे किंवा भरलेली नाही. गाडी सुरू झाल्यावर तोच मीटर साधारण १३.८ ते १४.५ दाखवत असेल तर अल्टरनेटर बॅटरी भरतो आहे. हे तीन आकडे पाच मिनिटांत मिळतात. अल्टरनेटर भरत नसेल तर नवी बॅटरीही काही दिवसांत उतरणार आहे, हे त्यावरून आधीच कळते. नवी बॅटरी घेऊनही तीच रड कायम राहिलेल्या माणसाने बहुधा हा तिसरा आकडा पाहिलेला नसतो.

उभ्या गाडीचे गणितही मांडून पाहण्यासारखे आहे. किल्ली काढली तरी गाडीतले घड्याळ, अलार्म, संगणकाची स्मृती थोडी वीज घेत राहतात. हा प्रवाह ५० मिलिअँपिअर धरला तर दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात आणि लहान पेट्रोल गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी साधारण महिन्याभरात संपते. सुरू होण्याची ताकद ती त्याच्या बरीच आधी गमावते. डॅशकॅमेरा किंवा मागाहून बसवलेली ट्रॅकिंगची पेटी असेल तर आणखी लवकर. याउलट सेल्फ तीन सेकंद १५० अँपिअर ओढतो असे धरले, तरी एका वेळी खर्च होतो सुमारे ०.१२ अँपिअर-तास, म्हणजे उभ्या राहिलेल्या एका दिवसाच्या खर्चाचा दहावा भाग. बॅटरी गाडी चालवल्याने झिजते असा आपला समज असतो. कोपरसारख्या ठिकाणी ती उभी राहून मरते. अर्धवट रिकाम्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे खडे धरतात आणि ते घट्ट झाले की नंतर कितीही भरा, पूर्वीची क्षमता येत नाही. त्यात आपला उकाडा. थंड देशांत बॅटरी हिवाळ्यात दगा देते. आपल्याकडे पारा शून्याच्या आसपासही जात नाही, पण उष्णतेने पट्ट्या गंजण्याचा वेग वाढतो आणि तीन-चार वर्षांत बॅटरीचे आयुष्य संपत येते.

यावर घरोघरी केला जाणारा उपाय म्हणजे रोज पाच मिनिटे गाडी जागच्या जागी चालू ठेवणे. हा उपाय मला पटत नाही. मंद फिरणाऱ्या इंजिनावर अल्टरनेटर थोडीच वीज देतो आणि पंखा, पंप, दिवे त्यातला मोठा वाटा घेतात. इंजिन तापत नाही, म्हणून सायलेन्सरमध्ये आणि तेलात पाणी साचते. थंड इंजिनाला संगणक जादा पेट्रोल देतो आणि ते पुरते न जळता प्लगवर काजळी धरते. त्याहून वाईट म्हणजे सोसायटीत शेजाऱ्याची गाडी निघावी म्हणून आपली गाडी दहा फूट मागे घेऊन लगेच बंद करणे. पुढच्या वेळी सेल्फ छान फिरतो, पेट्रोलचा वास येतो आणि इंजिन काही पेट घेत नाही. प्लग ओले झालेले असतात. अशा वेळी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून सेल्फ मारावा. बहुतेक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत संगणक त्या वेळी पेट्रोल तोडतो आणि नुसती हवा जाऊन प्लग सुकतात. सेल्फ एका दमात दहा सेकंदांहून जास्त मारू नये, मध्ये अर्धा मिनिट थांबावे. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास रस्त्यावर फिरवणे हे रोजच्या पाच मिनिटांपेक्षा कितीतरी उपयोगाचे. ते जमत नसेल तर घरच्या विजेवर चालणारा छोटा चार्जर घ्यावा. आणि तळघरातल्या किंवा बंदिस्त पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी कधीही करू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि तो जीव घेतो.

इंजिन फिरते पण पेट घेत नाही, या दुसऱ्या प्रकारात किल्ली चालू स्थितीत नेऊन सेल्फ न मारता कान द्यावा. मागच्या सीटखालून साधारण दोन सेकंद बारीक गुणगुण आली तर पेट्रोलचा पंप जागा आहे. काहीच ऐकू आले नाही तर फ्यूज आणि रिलेपासून शोध सुरू होतो. डॅशबोर्डवर किल्लीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत असेल तर गाडीने किल्लीच ओळखलेली नाही. दुसरी किल्ली लावून पाहावी, बटणाने सुरू होणारी गाडी असेल तर किल्लीतला सेल बदलावा. इंजिन नेहमीपेक्षा हलके, सरसर आणि एकसारखे फिरत असेल, जणू काही अडथळाच नाही, तर मात्र हात आवरावा. टायमिंगचा पट्टा तुटला असण्याची शक्यता असते आणि पुन्हा पुन्हा सेल्फ मारल्याने व्हॉल्व्ह वाकण्याचे नुकसान वाढते.

आता मिसिंगकडे वळू, कारण पैसे सर्वांत जास्त वाया जातात ते इथे. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ७५० फेऱ्यांनी जागच्या जागी फिरत असते, तेव्हा प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ३७५ वेळा, म्हणजे सेकंदाला सहा वेळा पेट घेतो. त्यातला एखादा ठोका चुकला की दांड्याची गती क्षणभर मंदावते आणि तो धक्का स्टिअरिंगपर्यंत पोचतो. आज अनेक लहान गाड्यांत तीनच सिलिंडर असतात. त्यातला एक बसला की एक तृतीयांश ताकद गेली, म्हणून त्या गाड्यांत मिसिंग अधिक जाणवते. गाडीतला संगणक हे कसे ओळखतो ते पाहिले तर बराच गोंधळ दूर होतो. त्याला ठिणगी दिसत नाही, पेट्रोलही दिसत नाही. तो फक्त क्रँकच्या दांड्याची गती मोजतो आणि कोणत्या सिलिंडरच्या पाळीला ती मंदावली ते नोंदवतो. म्हणून गाडीचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर ‘पी ०३०२’ आले तर त्याचा अर्थ इतकाच की दुसऱ्या सिलिंडरने ठोका चुकवला. तो प्लगमुळे चुकला, कॉइलमुळे, इंजेक्टरमुळे की दाब कमी असल्यामुळे, हे त्या आकड्यात नाही. ‘पी ०३००’ आले तर ठोके निरनिराळ्या सिलिंडरांत चुकत आहेत. मग कारण बहुधा सर्वांना मिळून असलेले, म्हणजे कुठून तरी आत शिरणारी जादा हवा, इंधनाचा कमी दाब किंवा खराब पेट्रोल. कोड वाचला आणि लगेच कॉइल बदलली, अशी दुरुस्ती जागोजागी होते. कोडने फक्त पत्ता दिलेला असतो, गुन्हेगाराचे नाव दिलेले नसते.

नाव शोधण्याची रीत जुनी आहे आणि ती या भागाला परकी नाही. उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याला पद्मिनी ही मोटार बनवी आणि याच कंपनीच्या कल्याणच्या कारखान्यातून १९९० च्या दशकात प्यूजो ३०९ ही गाडी बाहेर पडली. पद्मिनीचे १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना आणि मेकॅनिकांना तोंडपाठ होते. ते मिसिंग मारू लागले की मेकॅनिक इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर उपसून बघे. वायर काढल्यावर इंजिन अजून लंगडे झाले तर तो सिलिंडर काम करत होता. काही फरकच पडला नाही तर दोषी सापडला. मुंबईतली शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. तिच्याबरोबर वायर उपसण्याची ती कृतीही निवृत्त व्हायला हवी, कारण आजच्या कॉइलचा दाब वीस-तीस हजार व्होल्टच्या घरात असतो. हाताला झटका बसतो आणि कॉइल किंवा संगणकही जळू शकतो. पण तिच्यामागचा विचार आजही तितकाच खरा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि परिणाम पाहा.

आजच्या गाडीत तो विचार असा वापरता येतो. दुसऱ्या सिलिंडरचा कोड आला आहे. इंजिन बंद आणि पूर्ण थंड असताना दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइल एकमेकींच्या जागी बसवा. बहुतेक गाड्यांत एक बोल्ट आणि एक खटका एवढेच काम असते. कोड पुसा, गाडी चालवा, पुन्हा वाचा. आता ‘पी ०३०३’ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला; एक कॉइल बदला, काम झाले. कोड दुसऱ्यावरच राहिला तर कॉइल निर्दोष आहे. तीच अदलाबदल प्लगची करून पाहा. तरीही कोड हलला नाही तर इंजेक्टर आणि दाबाची तपासणी उरते आणि ते काम गॅरेजचे. या दोन चाचण्यांना नवा भाग लागत नाही. पैसे खर्च होतात ते स्कॅनरवर, आणि मोबाइलला जोडला जाणारा साधा स्कॅनर एका कॉइलपेक्षा स्वस्त मिळतो. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली १६ पिनांचे जोडस्थान असते, तिथे तो लागतो.

प्लग बाहेर काढलाच तर तो पुसण्याआधी नीट बघावा. टोक फिकट तपकिरी असेल तर सिलिंडर ठीक जळतो आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, आणि त्यामागे जाम झालेला एअर फिल्टर किंवा थोड्या-थोड्या अंतराच्या फेऱ्या असू शकतात. तेलकट काळेपणा म्हणजे इंजिनातले तेल सिलिंडरमध्ये उतरते आहे. हा प्लगचा दोष नव्हे आणि नवा प्लगही तसाच होणार. पांढरे, भाजल्यासारखे टोक म्हणजे उष्णता जास्त. तापलेल्या इंजिनातून प्लग काढू नये, ॲल्युमिनिअमचे आटे सोलून निघतात. बसवताना आधी हाताने फिरवावा आणि मगच पाना लावावा.

डोंबिवली-कल्याण पट्ट्यात सीएनजीवरच्या गाड्या पुष्कळ आहेत आणि त्यांच्या मिसिंगबद्दल एक गैरसमज पक्का झाला आहे. गाडी पेट्रोलवर छान चालते आणि सीएनजीवर झटके देते, तेव्हा दोष गॅसच्या किटमध्येच असणार असे मानून किटवाल्याकडे धाव घेतली जाते. पण सीएनजीचे मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. प्लगची फट वाढलेली असेल किंवा कॉइल अशक्त झाली असेल, तर ती उणीव आधी सीएनजीवरच दिसते; पेट्रोल ती झाकून नेते. तेव्हा आधी प्लग पाहावेत. दुसरी बाब उलट दिशेची. अनेक सीएनजी गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि मग गॅसवर जातात. मालक टाकीत नावापुरते पेट्रोल ठेवतो, ते महिनोन्‌महिने तसेच पडून राहते. पेट्रोलमध्ये बुडून थंड राहणारा पंप कोरडा पडतो आणि इथेनॉल मिसळलेले पेट्रोल दमट हवेतला ओलावा शोषते. पाणी मर्यादेपलीकडे गेले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते, आणि पंप इंधन तळातूनच ओढतो. फेब्रुवारी २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळते, म्हणून टाकीत पेट्रोल शिळे करून ठेवण्याची सवय पूर्वीपेक्षा महाग पडते. प्रत्येक मिसिंगचे खापर इथेनॉलवर फोडणे मात्र मला घाईचे वाटते. नियमित चालणाऱ्या, टाकी वेळेवर संपणाऱ्या गाडीत आधी प्लग, कॉइल आणि एअर फिल्टर तपासावेत.

पावसाळ्याचा विषय वेगळा काढावा लागतो, कारण तिथे घरगुती धाडस इंजिनाचा जीव घेते. खाडी आणि उल्हास नदीच्या काठचा हा सखल भाग. २६ जुलै २००५ चा महापूर इथल्या लोकांनी पाहिला आहे आणि २७ जुलै २०१९ ला याच उल्हासच्या पुराने बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडवून धरली होती. पाणी ओसरल्यावर माणूस गाडीपाशी जातो आणि सहजपणे किल्ली फिरवतो. १२०० सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरची जागा ३०० घन सेंटिमीटर. दहास एक या प्रमाणात दाब दिला जातो, म्हणजे दट्ट्या वर आल्यावर शिल्लक राहते जेमतेम ३३ घन सेंटिमीटर. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. दोन-तीन मोठे चमचे पाणी आत असले तरी दट्ट्या अडतो आणि जोरात फिरत्या इंजिनात कनेक्टिंग रॉड वाकतो. चाकांच्या वर पाणी चढलेली गाडी म्हणूनच सुरू करून बघायची नाही. बॅटरीची ऋण तार काढायची, फोटो काढायचे आणि टो करून न्यायची. साध्या विमा पॉलिसीत पाण्यात सेल्फ मारून झालेले इंजिनाचे नुकसान सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. पूर आला नाही तरी पावसाळ्यात दोन कारणे नेहमी मनात ठेवावीत. कॉइलच्या रबरी बुटाला चीर असली तर ओलाव्यातून ठिणगी बाहेरच पळते, आणि गटारातून ऊब शोधत आलेले उंदीर बॉनेटखालच्या वायरी कुरतडतात. बॉनेट उघडून टॉर्चने दोन मिनिटे पाहिले तर कुरतडलेली वायर आणि लेंड्या दिसतात. स्कॅनर तिथे निरनिराळे दहा कोड दाखवून माणसाला गोंधळात टाकतो.

या सगळ्यावर पहिला आक्षेप असा येतो की आजच्या गाड्या म्हणजे चालते संगणक, एप्रिल २०२० पासून तर बीएस सहाचे नियम, त्यात सामान्य माणूस काय समजून घेणार? मला वाटते, खरी गोष्ट उलट आहे. पद्मिनीच्या काळी पॉइंट, कंडेन्सर, चोक आणि कार्ब्युरेटर यांचे दोष अनुभवी कानालाच कळत. आजची गाडी स्वतः नोंद ठेवते, कोणता सिलिंडर चुकला ते सांगते आणि ते वाचण्याचे साधन खिशातल्या फोनला जोडता येते. कौशल्याची जागा शिस्तीने घेतली आहे, आणि शिस्त कोणालाही शिकता येते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वॉरंटीतल्या गाडीत हात घातला तर कंपनी जबाबदारी झटकेल. हे खरे आहे, आणि वॉरंटी असेपर्यंत कॉइल-प्लगला हात लावूच नये. पण आवाज ऐकणे, व्होल्ट मोजणे, मोबाइलवर चित्रफीत काढणे याने कोणतीही वॉरंटी जात नाही, आणि सर्व्हिस सेंटरमध्ये ‘आम्हाला दोष आढळला नाही’ असे उत्तर मिळते तेव्हा तीच चित्रफीत कामी येते. तिसरा आक्षेप मेकॅनिकांचा. गिऱ्हाईक अर्धवट ज्ञान घेऊन येते आणि आम्हालाच शिकवते, असे ते म्हणतात. तो राग समजण्यासारखा आहे. म्हणूनच मालकाने निष्कर्ष घेऊन जाऊ नये, निरीक्षणे घेऊन जावे. ‘कॉइल गेली आहे, बदला’ असे सांगितले आणि ते चुकले, तर दोष मेकॅनिकचा राहत नाही. ‘सकाळी थंड असताना एक मिनिट थरथरते, पांढरा धूर येतो, मग ठीक होते आणि कूलंटची पातळी महिन्यात कमी झाली’ असे सांगितले, तर जाणता मेकॅनिक लगेच हेड गॅस्केटकडे बघेल, आणि ते निदान प्लगच्या चार संचांनी झाले नसते.

काही ठिकाणी घरच्या माणसाने थांबलेच पाहिजे. ‘चेक इंजिन’चा दिवा स्थिर पेटला तर गाडी गॅरेजपर्यंत सावकाश नेता येते, तो लुकलुकत असेल तर मिसिंग इतके तीव्र आहे की न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते आहे. चालत राहिले तर शेकड्यांत मिटणारे काम हजारोंत जाते. इंजेक्शनच्या गाडीला धक्का मारून सुरू करतानाही हाच धोका, आणि ऑटोमॅटिकला तर धक्क्याचा उपयोगच नाही. डिझेल गाडीत ठिणगी नसते, मिसिंगची कारणे बहुधा इंधनाच्या बाजूला असतात आणि कॉमन रेलमधला दाब हजार बारच्या वर जातो. त्या नळ्यांचा नट सैल करून पाहणे म्हणजे कातडी चिरून आत जाणाऱ्या फवाऱ्यासमोर हात धरणे. डिझेलमध्ये घरी फार तर फिल्टरमधल्या पाण्याचा इशारा देणारा दिवा आणि बॅटरी बघावी. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडायची असेल तर लाल केबल दोन्हीकडे धन टोकाला, काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटची ठिणगी त्याच्याजवळ पडू नये. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवी भुकटी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुता येते. तार काढताना ऋण आधी, बसवताना ऋण शेवटी. हे पंधरा मिनिटांचे काम आधी करून मगच नव्या बॅटरीचा विचार करावा.

आणि एक विनंती. दिवा पेटला की बॅटरीची तार काढून पुन्हा लावायची, दिवा गेला की काम झाले म्हणायचे, ही रीत अजून पुष्कळ ठिकाणी चालते. दोष नोंदवला गेला त्या क्षणी इंजिन किती तापले होते, किती फेऱ्यांनी फिरत होते, गाडी उभी होती की धावत होती, हे संगणकाने कोडसोबत साठवलेले असते. तार काढली की अनेक गाड्यांत ते सारे पुसले जाते आणि दोष मात्र जागेवरच राहतो. तेव्हा गाडी कोणाच्याही हाती देण्याआधी कोड आणि त्याबरोबरचे आकडे कागदावर उतरवून घ्या, गाडी आदल्या रात्रीपासून थंड राहू द्या आणि पहिला सेल्फ मेकॅनिकच्या समोर मारा. बदललेला भाग परत मागून घ्या.